पोटातली खोली

तीन पायांचं काळं भांडं. त्यात अख्ख्या कुळाचं मटण. खाली धूर, वर मी.

हिरवी सफरचंदं, पिशवीभर.

‘फाका’. लग्न झाल्यापासून हा आवाज माझ्या तोंडून निघालेला नव्हता.

वयाच्या एकावन्नाव्या वर्षी डर्बनच्या धक्क्यावर अनोळखी बायकांनी माझ्या बाळासाठी जिभा हलवून किलकाऱ्या मारल्या. मला बाळ होणार नव्हतं.

सी-सॉच्या टोकांवर बसणारे आदळतात. मधला चहा पितो.

झालं. एवढे तुकडे बाजूला ठेवा, एकही फेकू नका. मी डर्बनजवळच्या उम्लाझीची शिंपीण आहे. कुठलं कापड कुठं लागतं ते मला कळतं.

तर भांड्यापासून सुरुवात. दर डिसेंबरात आमचं सगळं घर लेडीस्मिथला नणंदेकडे जातं. नणंद झिबुयिले सावलीत खुर्ची टाकून स्तोत्रं म्हणते, आणि मी उन्हात त्या भांड्यापाशी उभी! लग्न झालं त्या वर्षी उभी केली, ती आजतागायत कुणी बसवलेली नाही. गेल्या वर्षी माझ्या भुवया जळाल्या. मी तिथल्या तिथं डाव खाली ठेवला आणि जाहीर केलं, “पुढच्या डिसेंबरात आपण जहाजानं मोझांबिकला जायचं! स्वयंपाक त्यांचा, भांडी त्यांची, भुवया त्यांच्या!”

झिबुयिले हसली. “जहाजानं? अगं माकोटी, तू बसच्या मागच्या सीटवर बसलीस की रंग बदलतेस.” (माकोटी म्हणजे सून. एकदा झालात की मरेपर्यंत माकोटी.)

“कुणालाही बोट लागणार नाही. खोली निवडण्यात सगळं असतं. ती मी निवडणार!”

“आणि लागली तर?”

“आपल्या चौघांतल्या एकालाही समुद्रामुळे ओकारी झाली, तर जिवंत आहे तोवर दर डिसेंबर लेडीस्मिथ! आणि भांड्यापाशी मी!”

“बाबा साक्षी,” झिबुयिले म्हणाली. सासऱ्यांनी मटणातून मान वर करून होकार दिला. नवरा, म्लुंगिसी, तो हाडं चोखत होता.

आता तुम्ही म्हणाल, शिंपिणीला जहाजातलं काय कळतं? सगळं कळतं! माझ्याकडे जहाजावर जाऊन आलेल्या बायका ब्लाऊज शिवायला येतात. टाचण्या टोचायची भीती असली की माणूस खरं बोलतं. सगळ्यांचं म्हणणं एकच: खोली मधे घ्या आणि खाली घ्या. जहाज म्हणजे सी-सॉ. पुढचं टोक आभाळात, मागचं पाण्यात, मधला मजेत. बाकी हिरवं सफरचंद खा, क्षितिजाकडे बघा, आणि आलं! आल्यासाठी तर आमचं घरचं जेमर आहेच. आलं, साखर, यीस्ट, वर मनुके, दोन दिवस बादलीत फसफसू द्यायचं. डिसेंबरात जेमर नाही असं घर उम्लाझीत दाखवा!

सगळा बेत चोख होता. अडचण एकच. सासऱ्यांचं नाव.

त्यांचं नाव फाकामानी. आमच्यात सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. नावच काय, त्यातले आवाजसुद्धा दुसऱ्या शब्दांत आले तर ते शब्द टाळायचे. आणि आमच्या झुलूत ‘मधे’ला काय म्हणतात? ‘फाकाथी’! ‘आत’लाही फाकाथीच. आणि जेवण वाढायला? ‘फाका’! नशीब बघा! घरात वावरायला जे शब्द लागतात, नेमके त्यांच्यावरच सासरे बसलेले. ‘जेवण वाढलंय’ म्हणायचं असलं की मी डावानं भांड्यावर टकटक करते. सगळे हात धुऊन येतात. आणि ‘मधे’ म्हणायचं असलं की मी म्हणते ‘पोटात’. खोलीच्या पोटात, रस्त्याच्या पोटात. एवढ्या वर्षांत कुणाचं काही अडलं नव्हतं.

बुकिंगचा फोन केला तेव्हा सासरे शेजारीच बसले होते.

“खोली कुठं हवी, ताई?” फोनवरची मुलगी गोड होती.

“खाली. पोटात.”

“पोटात?”

“अगदी पोटात! जरा हललं की त्रास होतो ना, म्हणून.”

पलीकडचा आवाज लोण्यासारखा झाला. “अगंबाई! कितवा महिना?”

“बारावा.”

“बारावा?”

“डिसेंबर बारावाच की! तुमच्या शाळेत कितवा होता?”

“हां, डिसेंबरात! तारीख डॉक्टरांनी दिली?”

“डॉक्टर कशाला? घरात बसून ठरवली.”

“आणि अशात समुद्रावर जाणार? धीट आहात हो!”

“मी कुणाच्या बापाला भीत नाही!” सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आवाज खाली आणला.

“अजिबात काळजी करू नका, ताई. तुमच्या अवस्थेला शोभतील अशाच तिन्ही खोल्या देते. त्याच पैशांत!”

मी फोन ठेवला आणि झिबुयिलेला कळवलं की भांडं विकायला काढ.

निघायचा दिवस उजाडला. नैऋत्येचा वारा असा सुटला होता की धक्क्यावरच्या बायकांच्या टोप्या बायकांच्या आधी मोझांबिकला निघाल्या. आम्ही रांगेत. म्लुंगिसीच्या डोक्यावर जेमरची बादली, माझ्या हातात सफरचंदं. टेबलामागच्या बाईनं माझं नाव वाचलं आणि उठून उभी राहिली.

“अभिनंदन! होणाऱ्या आईला खुर्ची आणा!”

म्लुंगिसीनं मागे वळून कोण होणारी आई आहे ते पाहिलं. मागे एक जाडा गृहस्थ होता.

सासऱ्यांचा मात्र चेहरा उजळला. “माकोटी! आणि मला कुणी सांगितलं नाही?” म्हणत त्यांनी काठी उंच केली आणि रांगेतच कुळाची स्तुती गायला लागले! आजोबा, पणजोबा, त्यांच्या गाई! मग बायकांच्या किलकाऱ्या, टाळ्या, नाच. मी ओरडतेय, “अहो नाही! अहो काही नाही!” त्या म्हणतायत, “बघा कशी लाजते!”

तेवढ्यात पहारेकऱ्यानं बादलीवर बोट ठेवलं. “बाहेरचं पेय वर नेता येणार नाही.”

“मग नातवाच्या नावानं इथंच संपवा!” सासऱ्यांनी हुकूम सोडला.

संपवली! सगळ्यांत जास्त प्याली झिबुयिले. तिला भाचा होणार होता ना. डोळे पुसत मग्गे रिचवत होती, तळाचे मनुकेसुद्धा सोडले नाहीत.

बादली पालथी झाल्यावर टेबलावरची बाई कागद पाहून म्हणाली, “पण दिवस भरत आलेल्या बाईला आम्हाला चढवता येत नाही.”

आता मात्र मी खुर्चीवर चढले. “ऐका सगळे! मी एकावन्न वर्षांची आहे! हे पोट मक्याच्या पुथूचं आहे, आणि माझ्या कष्टाचं आहे! चढू द्या मला!”

सासरे पणजोबांच्या गाईंपाशी थांबले. काठी खाली आली. बायकांनी आपापल्या रिकाम्या पेल्यांकडे पाहिलं. पण मला चढू दिलं.

लिफ्ट वर निघाली. वर. आणखी वर. मग चालत पुढे. आणखी पुढे. जहाजाचं नाक संपतं तिथं आमच्या खोल्या! टोपी नव्हे, टोपीवरचं पीस! मोठमोठ्या खिडक्या, आणि उशीवर चिठ्ठी: ‘होणाऱ्या आईला भरपूर मोकळी हवा.’

“हेच का तुझं पोट?” झिबुयिलेनं विचारलं.

जहाज भरलेलं होतं, खोली बदलून मिळाली नाही. मी म्हटलं, ठीक आहे. समुद्राशी माझं भांडण आहे ना? मग पुढच्या रांगेत बसून भांडीन!

बंदराच्या तोंडाशी असलेली ब्लफची टेकडी मागे पडली आणि जहाजानं नाक वर उचललं. वर, वर, वर... आणि सोडून दिलं. माझी सफरचंदं भिंतीपर्यंत धावली, थबकली, परत आली. म्लुंगिसी गादीला दोन्ही हातांनी धरून, मला माहेरच्या कुळाच्या नावानं हाक मारत, “माखोझा, कुणाला सांगू नकोस, पण मला लेडीस्मिथ आवडतं,” असं पुटपुटत होता.

“गीळ! आलेलं सगळं गीळ! क्षितिजाकडे बघ!”

“ते खाली गेलं गं!”

“येईल परत! तिथंच बघत राहा!”

शेजारच्या खोलीतून स्तोत्राचा आवाज येत होता. तो चढला, थरथरला, आणि मग दुसराच आवाज आला. दार उघडून झिबुयिले बाहेर आली. हातात कागदी पिशवी, चेहरा कच्च्या पपईचा, आणि डोळ्यांत विजय!

“मी ओकले!” ती दोन्ही हात वर करून ओरडली. “माकोटी, मी ओकले! मी जिंकले!”

“ते समुद्राचं नाही! जेमरचं आहे!”

“समुद्राचं!”

“तळाचे मनुके कुणी खाल्ले?”

आम्ही दोघी दोन भिंतींना धरून भांडतोय आणि मधून सासरे चाललेत! काठी एकीकडे, पाय दुसरीकडे, चेहरा राखेसारखा. म्हाताऱ्यांनी ओकलं तर जेमरचं निमित्त चालणार नव्हतं. त्यांनी स्तुती गाण्याच्या नादात एक घोटसुद्धा घेतला नव्हता! त्यांना जहाजाच्या मधे पोचवणं हा एकच उपाय.

“बाबा! पोटात जा! पोटात!”

त्यांनी पोटाला हात लावला.

“तसं नाही! जहाजाच्या पोटात! पटकन!” आणि घाईनं मी कठड्यावर अंगठीनं टकटक केली.

संपलं! टकटक म्हणजे आमच्या घरी काय? सासऱ्यांनी आज्ञाधारकपणे हात झटकले आणि झोकांड्या खात वळले ते थेट जेवणाच्या दालनाकडे! तेही नाकातच, आमच्या एक मजला खाली. मी मागून पळतेय, जहाज मला दोन पावलं पुढे नेतंय आणि तीन मागे आणतंय. पोचले तेव्हा सासऱ्यांच्या हातात कोंबडीची तंगडी होती, तुपकट, वाफाळती, आणि तोंड उघडलेलं. शेजारी झिबुयिले खांबाला मिठी मारून आशेनं बघत होती.

माझ्या डोळ्यांपुढे ते तीन पायांचं भांडं आलं. त्याखालचा धूर आला. माझ्या भुवया आल्या.

“फाकाथी!” मी ओरडले. “बाबा, फाकाथी! फाकाथी! फाकाथी!”

दालनातल्या झुलू बायकांनी तोंडावर हात ठेवले. झिबुयिलेची पुढची ओकारी धक्क्यानं परत फिरली. समुद्रसुद्धा क्षणभर थांबला म्हणा ना!

सासऱ्यांनी तंगडी खाली ठेवली. “मधे होय?” ते म्हणाले. “मग मघाच सांगायचं.”

आणि गेले. जहाजाच्या बरोब्बर मधल्या जिन्याच्या पायरीवर, अगदी खालच्या मजल्यावर, पाठ टेकून बसले. थोड्या वेळानं रंग परतला. मग चहा मागवला. आम्ही तिघंही त्यांच्या पायऱ्यांवर ओळीनं बसलो आणि कुणी काही म्हणो, तिथून हललो नाही!

“आता निकाल द्या, बाबा,” झिबुयिले म्हणाली. “मी ओकले की नाही?”

“ओकलीस.”

“समुद्रामुळे ना?”

सासऱ्यांनी चहाचा घोट घेतला. “जेमर. मी तुझ्या दारावरून गेलो, वास आला. पुढच्या डिसेंबरातही जहाजच. फक्त खोली म्लुंगिसीनं सांगायची.”

“का? मी सांगीन!” मी ताडकन उभी राहिले. “आता मला ‘मधे’ म्हणता येतं!”

सासऱ्यांनी कप पायरीवर ठेवला. “आधी का येत नव्हतं?”

मग उलगडलं: आमच्या लग्नात वऱ्हाडाचं गाणं टिपेला पोचलेलं असताना सासऱ्यांनी माझ्या कानाशी वाकून सांगितलं होतं, की त्यांच्या घरात सुनांना सगळे शब्द बोलायची मोकळीक आहे, आणि मी काही ऐकू न येता मान डोलावली होती.