गवई सर आणि फेस

गवई सरांना फेस चालत नाही. चहावाल्याने उंचावरून धार सोडली की ते कप परत करतात. दाढीसुद्धा नुसत्या पाण्याने करतात. हनुवटीवर कायम एक ओरखडा असतो.

कारण सोनिकेटर. शेगावच्या एका कॉलेजात सरांची छोटी प्रयोगशाळा आहे. मी जळगाव जामोदला शिकवतो. पन्नाशीला टेकताना पीएचडीचं खूळ घेतलं आणि दर शनिवारी एसटीने सरांकडे जाऊ लागलो. कपाशीच्या पेशीतलं क्रोमॅटिन, म्हणजे प्रथिनांवर गुंडाळलेला डीएनएचा धागा, आवाजाच्या लहरींनी बारीक तुकड्यांत तोडायचं होतं. सोनिकेटर हे त्याचंच मशीन; त्याची सळई नमुन्याच्या नळीत बुडवायची. ताकद कमी पडली तर तुकडे लांबच लांब, जास्त झाली तर भुगा. आणि सळईचं टोक जरा वर राहिलं की फेस. नमुना गेला!

थोडं चालवायचं, बर्फात थांबवायचं, पुन्हा चालवायचं. मी बटणाकडे हात नेला की सर म्हणत, "काऊन घाई करून राह्यले भाऊ? त्याले दम घेऊ द्या." बर्फ रसवंतीवरून यायचा. रस प्यायचा नाही. त्यालाही फेस असतो.

परवा जेलचा, म्हणजे तुकड्यांची लांबी दाखवणाऱ्या पट्ट्यांचा, फोटो पडद्यावर आला. तुकडे जिथे हवे, बरोबर तिथेच! सर उठले, बसले, परत उठले. माझा चष्मा ओढून स्वतःच्या चष्म्यावर चढवला. वॉचमनला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, फोटो हलला वाटते. मी तर नाचायचाच बाकी होतो.

मग सरांनी माझा चष्मा उतरवून परत दिला. सेटिंग सापडली, म्हणजे आता तुमचं येणं संपलं म्हणा, एवढंच पुटपुटले.

सर एकटे राहतात. शनिवारी त्यांच्या डब्यात दोघांचं जेवण असतं. खाणावळवाला चुकून जास्त देतो म्हणे, दर शनिवारी. मला हे केव्हाच कळलं होतं. बोललो कधी नाही.

खात्रीसाठी सरावाची एक नळी लावली. कुणाला सांगितलं नाही, इथे सांगतो: बर्फातली नळी माझ्या हातात होती, ती मी मुद्दाम केसभर खाली घेतली, म्हणजे सळईचं टोक वर राहिलं. पांढराशुभ्र फेस वर चढला.

सरांनी फेसाकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. मी मान खाली घातली.

"फेस आला न भाऊ," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी पुन्हा या लागते तुमाले."

आणि या खेपेला खाणावळवाल्याचं नावही न काढता विचारलं, "डब्यात काय आणू?"