सखारामनानांची पागा

घोडी माझी, खोगीर माझं, लगाम माझा. पण तिच्यावर आज बसायचं की नाही हे सखारामनाना ठरवायचे. म्हणजे त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तेही नाही, घोडीच ठरवायची. सकाळी मी पागेच्या दारात उभा राहिलो की नाना "थांबा डॉक्टर" म्हणून आत जात, घोडीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी विचारत, मग आपला कान तिच्या तोंडाशी नेऊन ऐकत आणि बाहेर येऊन गंभीरपणे सांगत, "आज बाईसाहेबांचं मन न्हाय."

"नाना, मला नागावला जायचंय. पोरं खोळंबलीत."

"खोळंबलीत का लपलीत?"

नानांचं बरोबर होतं. कारण मी पडलो देवी टोचणारा. खात्यानं मला डॉक्टर कधीच केलं नव्हतं, ते नानांनी केलं होतं. मी गावात शिरलो की पोरं माडावर चढत, पेंढ्यात शिरत, एकदा तर एक जण विहिरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसला होता. तेव्हा मी जितका उशिरा पोचेन तितका मुलखाला आनंदच होता.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. माझी नेमणूक रेवदंड्याला झाली आणि आसपासची खेडी फिरायला मी अलिबागच्या एका टांगेवाल्याकडून घोडी विकत घेतली. नाव गोदावरी. चाल मात्र उन्हाळ्यात आटलेल्या ओढ्याची. मी राहायचो एका सुपारीच्या व्यापाऱ्याच्या माडीवर. माडीवर घोडी चढवता येत नाही, म्हणून तिला ठेवायला जागा शोधत हिंडलो आणि कोटाच्या पडक्या तटाला लागून असलेल्या एका नारळीच्या वाडीत मला 'शाही पागा' अशी पाटी दिसली.

पाटी शाही होती. बाकी झावळ्यांचं छप्पर, कुडाच्या भिंती आणि दाराला काथ्याची दोरी. त्या दोरीची गाठ नाना स्वतः मारत आणि ती कुणालाही सुटत नसे, घोडे सोडून.

नानांचं सगळं आयुष्य मुरूडच्या संस्थानात, पागेवर घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार म्हणून गेलं होतं. संस्थान विलीन झालं, पागा मोडली आणि नाना बायकोला घेऊन आपल्या गावी परत आले. येताना संस्थानचा लाल कोट तेवढा अंगावर आला. त्याची निम्मी बटणं गेली होती आणि खाली नाना गुडघ्यापर्यंतचं धोतर नेसत. पण कोट घातल्याशिवाय ते घोड्यासमोर कधी जात नसत. घोड्यांशी बोलणं अहोजाहो. माझी गोदावरी पागेत शिरली आणि त्याच दिवशी 'गोदाबाईसाहेब' झाली. शेजारच्या ठाणावर एका टांगेवाल्याचा डोळ्यानं अधू घोडा होता, तो 'सरदार'. मी मात्र सरकारी नोकर असूनही पागेत सगळ्यांत खालच्या दर्जाचा.

मानमरातब इतका, पण कारभार विचारू नका. चंदीचे हरभरे भिजत घालायचे राहत, मग घोडे दुपारपर्यंत उपाशी आणि नाना त्यांची क्षमा मागत फिरायचे. नालबंदाला बोलावलं, तर त्यानं गोदावरीच्या तीन पायांना नाल ठोकले आणि जेवायला घरी गेला तो पुढच्या आठवड्यात उगवला. तोवर माझी घोडी तीन पाय टाक्-टाक् आणि एक पाय गुपचूप अशी चालायची. खोगीर कसायचा तंग दिसेना, म्हणून शोधला तर काकींनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, त्यावर लुगडं वाळत घातलं होतं. आणि एकदा तर खोगिरावरच कोंबडी अंडी उबवत बसलेली.

"नाना, हिला उठवा."

नानांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, तुमी शिकलेले. बसल्या कोंबडीला कुणी उठवतं काय?"

त्यानंतर पिल्लं निघेपर्यंत मी गोणपाटावर बसून दौरा केला.

तक्रार करावी तर नाना ती इतक्या आदरानं ऐकून घेत की आपल्यालाच संकोच वाटावा. मान हलवत, "व्हय, चुकलं" म्हणत, आणि मग सुरू करत, "आमच्या संस्थानच्या पागंत कसं व्हतं, सांगू?" तिथं पहाटे खरारा, मग मालिश, मग दर्यावर फेरी. ऐकता ऐकता सकाळ संपायची आणि गोदावरी जागची हललेली नसायची.

लग्नसराईत एकदा चौलला गेलो होतो, पायीच, कारण 'मन नव्हतं'. समोरून वरात आली. नवरदेव घोडीवर, घोडीच्या कपाळावर मुंडावळ्या, पाठीवर जरीची झूल. आणि घोडी माझी! लगाम धरून लाल कोटात नाना ऐटीत चालले होते. मी पुढं होऊन काही बोलणार, एवढ्यात वरातीतल्या पोरांनी मला ओळखलं. "देवीडाक्टर आला!" अशी आरोळी झाली आणि वाजंत्र्यांपुढं नाचणारी सगळी पोरं क्षणात नाहीशी झाली. एका करवलीनं तर कडेवरचं मूल पदराखाली लपवलं. वराकडची मंडळी माझ्याकडं असं पाहू लागली की मीच रस्त्यातून बाजूला झालो.

"नाना, मला विचारायचं तरी," दुसऱ्या दिवशी मी म्हणालो.

"तुमाला काय इचारायचं? नवरदेव त्यांच्यावर बसला व्हता," नाना म्हणाले. "आन् मी व्हतो की संगती. लगाम माझ्या हातात व्हता."

त्या वेळी त्या उत्तराचा मला राग आला. अर्थ नंतर कळला.

पण खरा गाजला तो जवळ्याचा प्रसंग. एका सकाळी दोरीची गाठ घोड्यांनी सोडवली आणि सगळी पागा किनाऱ्यावर गेली. कोळणींनी वाळूवर जवळा, म्हणजे कोलंबीसारखी बारीक मासळी, वाळत घातला होता, गुलाबी गालिचा अंथरावा तसा. घोड्यांना लोळायला वाळू आवडते. ही तर मऊ, वासाची वाळू. सरदार आधी लोळला, मग गोदाबाईसाहेब.

थोड्याच वेळात पारूबाय नावाची कोळीण पागेच्या दारात कमरेला हात लावून उभी. "नाना! आमचा सगला जवला मातीत घातलान तुज्या घोऱ्यांनी! बांद जरा त्यांना!"

नाना कोटाची होती ती बटणं लावून पुढं आले आणि कमरेत वाकले. "पारूबाय, चूक झाली. त्यांना दर्या बघायचा व्हता."

"दर्या बघायला पाठीवर निजतंत?"

शेवटी दंड असा ठरला की नानांनी किनाऱ्यावर बसून जवळ्यातली वाळू चाळून द्यायची. गोदावरीचा मालक म्हणून पारूबायनं मलाही एक सूप दिलं. दुपारभर आम्ही दोघं उन्हात जवळा पाखडत बसलो. पुढं कितीतरी दिवस गोदावरीच्या अंगाला तो वास होता. मी गावात शिरलो की आता पोरं पळत आणि मांजरं मागं लागत.

हे सगळं मी हसून सोसलं. पण एक दिवस निरोप आला की डोंगरापलीकडच्या एका वाडीत देवीचा रोगी निघालाय. अशा वेळी थांबून चालत नाही. आसपासच्या सगळ्यांना टोचावं लागतं, नाहीतर घरंच्या घरं आडवी होतात. मी लसीची पेटी घेऊन धावत पागेत आलो. गोदावरीचं ठाण रिकामं. काकी म्हणाल्या, "हे तिला दर्यावर घेऊन गेलेत. उदास दिसत व्हती म्हणं."

वाट पाहायला वेळ नव्हता. चढ, ऊन आणि खांद्यावर पेटी. मी चालत गेलो. वाडीत एका झोपडीत कडुनिंबाच्या डहाळ्यांवर एक तरुण बाई तापानं फणफणलेली, अंगभर फोड. शेजारची माणसं मी कधी येतो म्हणून डोळे लावून बसली होती. त्या दिवशी कोणी लपलं नाही. सगळ्यांना टोचलं. नशीब बरं, रोग पुढं पसरला नाही आणि ती बाईही जगली. पण त्या झोपडीबाहेर उभं असताना मी मनाशी ठरवलं की आता पुरे.

परत आल्यावर नानांना सांगितलं, "उद्या गोदावरीला घेऊन जातो. चौलला जमादारांच्या तबेल्यात ठेवणार. आज माणसं मेली असती, नाना."

मला वाटलं, नाना घोडीला विचारायला आत जातील, निदान संस्थानची गोष्ट सुरू करतील. ते नुसते "बरं" म्हणाले.

सकाळी गेलो आणि दारातच थबकलो. गोदावरी बाहेर उभी. अंग खराऱ्यानं असं चमकत होतं की मला माझी घोडी ओळखता येईना. आयाळ विंचरलेली, खुरांना तेल, चारी नाल ठाकठीक, तंग नव्या दोऱ्यानं शिवलेला, खोगिराचं कातडं मऊ. चंदी वेळेवर खाऊन ती समाधानानं उभी होती.

"हे सगळं येतं तुम्हाला, तर मग रोज का नाही केलंत?" मी विचारलं. नाना आत गेले. लगाम माझ्या हातात काकींनी दिला.

"लिलावाच्या दिवशी बी असंच केलं व्हतं त्यांनी," काकी म्हणाल्या.

"कसला लिलाव?"

"संस्थान गेलं तवा पागा इकली की. सगल्या घोड्यांना ह्यांनीच न्हाऊमाखू घातलं, आन् येकेकाची दोरी ज्यानं घेतला त्याच्या हातात ह्यांनीच दिली. चांगल्या घरी जातील म्हणून सांगितलं व्हतं ह्यांना. मंग येकदा पेणच्या बाजूला बादल दिसला, ह्यांच्या हातचा. रेतीच्या गाडीला जुंपलेला. खांदा सोललेला. ह्यांनी हाक मारली तर मान वळवलीन त्यानं." काकींनी पदरानं गोदावरीच्या डोळ्याजवळची माशी हाकलली. "तवापास्नं दारातून घोडा गेला की तो परत येल असं त्यांना वाटतच न्हाय. म्हणून कारणं सांगत बसतात. तुमी रागावू नका भाऊ. घेऊन जावा."

मी निघालो. गोदावरी वळून वळून मागं पाहत होती असं लिहायचा मोह होतो. पण खरं सांगायचं तर तिचं सगळं लक्ष रस्त्याकडेच्या गवतावर होतं.

दिवसभराचं काम झालं. संध्याकाळी परत येताना वाटेत चौल लागलं. जमादार पोलिसातून निवृत्त झालेले. तबेल्यात घंटा, घंटेवर चंदी, घंटेवर पाणी. तिथं न थांबता मी घोडी तशीच रेवदंड्याला आणली. नाना रिकाम्या ठाणावर काथ्या वळत बसले होते. टापा ऐकून उठले.

"इसरलं काय?"

"नाही. सहज आलो."

नाना जवळ आले. गोदावरीच्या मानेवर हात ठेवून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "चला आता. जमादार घंटा बडवंल." आणि लगाम धरून चौलपर्यंत तेच चालत आले. घोडी तिथं बांधून आम्ही दोघं पायी रेवदंड्याला परतलो.

पुढं हे रोजचंच झालं. गोदावरी जमादारांच्या चंदीवर गुटगुटीत झाली. पूर्वी तिला बैलगाड्या मागं टाकायच्या, आता त्या बरोबरीनं चालू लागल्या. पण संध्याकाळी एकदा रेवदंड्याला येऊन ती तोंड दाखवायची आणि नाना तिला चौलला पोचवायचे. येताना ते जमादारांना नावं ठेवायचे. "घंटेवर काय जेवतात घोडे? ती काय शाळा हाय?"

पावसाळ्यात एकदा मी आत एका खेड्यात गेलो आणि परतीचा ओढा भरून आला. पलीकडं येणं शक्य नव्हतं. तिथंच एका घरी भाकरी मिळाली, ओसरीवर झोपलो. पाणी उतरल्यावर सकाळी चौलच्या नाक्याशी आलो, तर मोरीच्या कठड्यावर डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन नाना बसलेले. खाली लाल कोट भिजून काळा झाला होता.

उठून त्यांनी आधी गोदावरीचे पाय एकेक करून चाचपून पाहिले. मग माझ्याकडं वळले. मी डोक्यापासून चिखलानं माखलेला.

"पडलात कुठं?"

"नाही. ओढ्याला पाणी आलं म्हणून राहिलो."

"जेवलात?"

"जेवलो."

त्यांनी गोदावरीचा लगाम हातात घेतला. "डॉक्टर," मग म्हणाले, "जाताना कुठं जाताय ते सांगून जात जावा."

आई जाऊन मला बरीच वर्षं झाली होती. सुपारीवाल्याच्या माडीवर मी आलो काय आणि न आलो काय, कोणाला कळतही नसे. नाना लगाम धरून चालू लागले होते.

"मग? उद्या कुठं?" त्यांनी मागं न बघता विचारलं.

मी गावाचं नाव सांगितलं. पाठ करावं तसं ते नाव नानांनी चालता चालता दोनदा पुटपुटून घेतलं.