उणे अठरा, सहीनिशी

दुपारी साडेचारला घरी आलेल्या कारकुनाने डबा काढायला पिशवीत हात घातला, तेव्हा डब्याखालून साबणाच्या वडीएवढं एक पांढरं यंत्र निघालं. त्याच्या काचेवर आकडा होता एकतीस. कारकून मटकन स्टुलावर बसला. स्टूल त्या जागी नव्हतं, म्हणून तो जमिनीवर बसला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"हे कोळंबीत असायला हवं होतं."

"मग आपल्या घरात काय करतंय?"

"एकतीस डिग्री दाखवतंय," कारकून खोल आवाजात म्हणाला.

त्याची कंपनी गोठवलेला माल बोटीने परदेशी पाठवायची. प्रत्येक कंटेनरमध्ये असा एक रेकॉर्डर लटकवायचा, की तो दर पंधरा मिनिटांनी आतलं तापमान थेट तिकडच्या खरेदीदार बाईंच्या कॉम्प्युटरवर पाठवणार. दार उघडून उजेड आत आला, तर तेही कळवणार. आपण कुठे आहोत हे सांगणारा रेकॉर्डर दुप्पट महाग होता, म्हणून साहेबांनी हा बिनठिकाणाचा घेतला होता. सकाळी साडेअकराला कारकुनाने तो सुरू केला, पण सील ठोकायला दोन्ही हात लागतात म्हणून एक मिनिटभर पिशवीत ठेवला. मग सील ठोकलं, कंटेनर बोटीवर चढला, बोट सुटली आणि काम चोख झालं म्हणून साहेबांनी त्याला लवकर घरी सोडलं.

"साहेबांना सांगून मोकळे व्हा," बायको म्हणाली.

"आठ वर्षं हंगामी आहे मी. या महिन्यात कायम करतायत. आत रेकॉर्डर नाही कळलं की बाई माल नाकारणार, आणि साहेब मला."

"मग?"

"माल भरताना दार उघडंच असतं, म्हणून पहिले सहा तास बाई मोजत नाहीत. साडेपाचपर्यंत याला उणे अठरावर न्यायचं. आणि मग एकोणीस दिवस तिथेच ठेवायचं."

दोघांनी एकदमच फ्रीजकडे पाहिलं. पुढच्या दोन मिनिटांत फ्रीझरमधले वाटाणे, बर्फाचे ट्रे आणि आइस्क्रीमचा मोठा डबा बेघर झाले. बटण शेवटच्या आकड्यापर्यंत पिळलं गेलं. आइस्क्रीम वाया जाऊ नये म्हणून घरातल्या तिघांनी ते जागीच संपवलं. तिसरे म्हणजे कारकुनाचे वडील. त्यांना गोड वर्ज्य होतं, म्हणून त्यांनी नुसती चव पाहिली. चव पाहायला त्यांना तीन वाट्या लागल्या.

बाबा शाळेचे निवृत्त पर्यवेक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी मुलांची नखं, मास्तरांच्या वेळा आणि शिपायाचं घड्याळ तपासलं होतं. निवृत्तीनंतर तपासायला काहीच उरलं नव्हतं, त्यामुळे ते जरा सुकले होते.

"बाबा, नीट ऐका," कारकून म्हणाला. "माझी नोकरी त्या फ्रीझरमध्ये आहे. एकोणीस दिवस तिला धक्का लागता कामा नये."

"माझ्यावर सोड," बाबा म्हणाले, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ताठ बसले.

चौथ्या दिवशी साहेबांनी कारकुनाला केबिनमध्ये बोलावलं. "बाईंची मेल आलीय. आपल्या घड्याळाने रोज बरोबर चार वाजता कंटेनरचं दार उघडतंय. दोन मिनिटं. तापमान उणे अकरापर्यंत चढतंय. समुद्रात दार कोण उघडतंय?"

"वारा असेल, साहेब."

"रोज चारला?"

साहेबांनी कप्तानाला विचारलं. कप्तानाने कळवलं, की तो कंटेनर चार मजले उंचावर आहे आणि त्याच्या दाराला दुसऱ्या कंटेनरची पाठ चिकटलेली आहे, तेव्हा ते दार उघडणाऱ्याला मुंगी व्हावं लागेल. बाईंनी उलट लिहिलं, की मुंगी असो वा माणूस, उणे पंधराच्या वर गेलेला माल आम्ही घेत नसतो.

कारकुनाने घरी येऊन बायकोला विचारलं. ती दिवसभर दुकानात असायची. मग त्याने भीत भीत बाबांना विचारलं.

"तुम्ही फ्रीझर उघडला नाहीत ना, बाबा?"

"मी घरात असताना कोणाची हिंमत आहे उघडायची?" बाबा कडाडले. हे उत्तर नव्हतं, पण त्या आवाजापुढे उलटा प्रश्न विचारायची कारकुनाला लहानपणापासून सवय नव्हती. त्याने दोष दाराच्या रबराला दिला, रबर बदललं आणि वर फ्रीजला दोरीही आवळली.

दुसऱ्या दिवशी चारला दार उघडलं. या वेळी चार मिनिटं.

तिकडे आता कप्तानाच्या अब्रूचा प्रश्न झाला होता. त्याने कंटेनरपाशी खलाशाचा पहारा बसवला. खलाशी चारच्या आधीपासून डोळ्यांची पापणी न लववता उभा राहिला, त्याने काहीच घडलं नसल्याचं शपथेवर सांगितलं, आणि बाईंच्या कॉम्प्युटरवर चार वाजता दार उघडल्याची नोंद झाली. त्यानंतर बोटीवरचे लोक त्या बाजूला एकटे जाईनात.

भुताला शिक्षा करता येत नाही, म्हणून कप्तानाने माणूस शोधला. नेमकं त्याच आठवड्यात बोटीवर कोळंबीचं जेवण झालं होतं. आचारी आपल्या कोठीतली कोळंबी दाखवत राहिला, पण ऐकणारं कोणी नव्हतं. नवव्या दिवशी साहेब खुशीत येऊन कारकुनाला म्हणाले, "चोर सापडला. आचाऱ्याला पुढच्या बंदरावर उतरवतायत, आणि बाईंनी माल नाकारला तरी पैसे बोटवाले भरणार. तुमच्या कायमच्या पत्रावर मी सोमवारी सही करतो."

आठ वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते ऐकूनही कारकुनाला आनंद होईना. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर आपल्या फ्रीझरमधून गेलेला. त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, चोरपावलांनी घरात शिरला आणि स्वयंपाकघराच्या पडद्यामागे उभा राहिला.

चारचे ठोके पडले. बाबा आले. इस्त्रीचा सदरा, काखेत वही. त्यांनी दोरी सोडली, फ्रीझर उघडला, रेकॉर्डर हातात घेतला आणि मग खिशात चष्मा शोधू लागले. चष्मा कपाळावर होता. तो सापडेपर्यंत दार सताड उघडं होतं.

"बाबा, हे काय चाललंय?"

बाबा दचकले नाहीत. "तपासणी. उणे अठरा. ठीक आहे."

"अहो, ते यंत्र स्वतःच नोंद ठेवतं."

"त्या नोंदीवर सही कोणाची असते?"

बाबांनी वही पुढे केली. तारीख, वेळ, तापमान, शेरा, सही. 'चष्मा सापडण्यास विलंब, एक मिनिट.' 'दोरी सोडताना चष्मा हरवला, सापडण्यास विलंब, तीन मिनिटे.' एकही दिवस चुकला नव्हता. कारकुनाला चिडायचं होतं, पण वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'चिरंजीवांची नोकरी' असं लिहिलेलं होतं.

त्याने खाली बसून आचाऱ्याची हकिगत सांगितली.

"मग लिही," बाबा म्हणाले. "सगळं लिही. निरपराध माणसाला वर्गाबाहेर उभं करायचं नसतं."

"माझी नोकरी जाईल."

"जाईल," बाबा म्हणाले. त्यांनी वही त्याच्यापुढे सरकवली. "तरी लिही."

कारकुनाने बाईंना सगळं खरं खरं लिहिलं, सोबत वहीच्या पानांचे फोटो जोडले आणि एक प्रत साहेबांना पाठवली. साहेबांनी त्याला बोटीचा निकाल लागेपर्यंत घरी बसवलं. कप्तानाने आचाऱ्याची माफी मागितली. आचाऱ्याने ती मोठ्या मनाने स्वीकारली आणि बंदर येईपर्यंत सगळ्यांना उकडलेले बटाटे खायला घातले.

विसाव्या दिवशी साहेबांचं बोलावणं आलं. कारकून गेला, पाठोपाठ न बोलावलेले बाबाही गेले.

"माल उत्तम पोचला," साहेब म्हणाले. "कंटेनरच्या स्वतःच्या मशीनमध्येही नोंद असते, ती माल उतरल्यावर वाचतात. पहिल्यापासून शेवटपर्यंत उणे अठरा. बाईंनी तुमचा मूर्खपणा माफ केलाय."

कारकुनाने श्वास सोडला.

"त्या म्हणतात, इतक्या वर्षांत हजारो नोंदी पाहिल्या, पण स्वतःच्या चष्म्याविरुद्ध शेरा मारणारा माणूस पाहिला नाही. यापुढे त्यांचा प्रत्येक कंटेनर याच गृहस्थांनी तपासून सही करायची, नाहीतर ऑर्डर बंद." साहेबांनी टेबलावरचं पत्र उचललं. "कायमची जागा एकच आहे."

आणि त्यांनी ते पत्र कारकुनाच्या खांद्यावरून बाबांच्या हातात दिलं.

सोमवारी कारकून कामावर पोचला, तेव्हा बाबा गेटपाशी खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर कोरी वही.

"दहा वाजून चार मिनिटं," बाबा म्हणाले.

"तुमच्याच गोळ्या आणायला परत गेलो होतो, बाबा."

बाबांनी ते कारणाच्या रकान्यात जसंच्या तसं लिहिलं, सही केली आणि वही त्याच्यापुढे धरली.

"तूही कर," ते म्हणाले. "तिथे नाही. हंगामी माणसांनी खाली करायची."