चिंचेच्या तीन फेऱ्या

सन १९७२ च्या कार्तिकात नगर जिल्ह्यात पाऊस नव्हता, पीक नव्हते, सीना नदीत पाणी नव्हते. मात्र मुंबईहून आलेले एक परिपत्रक होते. प्रत्येक ऐतिहासिक शहराने पाहुण्यांसाठी पायी फिरण्याचा एक मार्ग तातडीने आखावा, असे त्यात म्हटले होते. मार्गावर नदीकाठ हवा, शाही बाग हवी, आणि मार्ग नव्याने काढलेला नसून पूर्वापार वहिवाटीचा हवा. पहिल्या दोन गोष्टी लगेच सापडल्या. शहराबाहेर निजामशाहीच्या वेळची एक बाग होती. तिच्यात कोरडा हौद होता, पडका महाल होता आणि बाकी सगळ्या बाभळी होत्या. नदीकाठ तर होताच. नदी आटली म्हणून काठ कुठे जातो? अडचण वहिवाटीची होती. त्या बागेत कोणी पाऊल ठेवत नसे.

ठेवत होती ती एकटी मनकर्णा.

मनकर्णाची वस्ती सीनेच्या अलीकडे आणि गुरांची दुष्काळी छावणी बागेच्या पलीकडे. छावणीत तिची रतनी म्हैस बांधलेली होती. घरातली बाकीची जनावरे दुष्काळाने नेली, ही एक उरली. लेक बाळंतपणाला आली होती, तिच्या अंगावर दूध नव्हते, आणि तिचे पाच महिन्यांचे पोर रतनीच्या दुधावर जगत होते. रतनीची एक खोड होती. मनकर्णाखेरीज ती कोणाला पान्हा सोडत नसे, आणि वेळ टळली तर मनकर्णालाही नाही. छावणीचा राखणदार गहिनीनाथ याने एकदा मनकर्णाचे जुने लुगडे नेसून धार काढायचा प्रयत्न केला होता. रतनीने त्याला लुगड्यासकट कडब्यात फेकून दिले. त्यामुळे मनकर्णा रोज दिवस उगवताना निघे, कोरडे पात्र ओलांडी, बागेतून नाकासमोर चाले आणि पंधरा मिनिटांत म्हशीपाशी पोचे.

"ही बाईच आपली वहिवाट," साहेब म्हणाले. साहेब म्हणजे पायी मार्गाचे विशेष कार्य अधिकारी. ते सहसा जीपमधून खाली उतरत नसत. त्यांनी अव्वल कारकून आसाराम यांना हुकूम दिला, की बाई जिथून जाईल तिथून चुन्याची फक्की टाकत जावे. बाईला मात्र काही कळू देऊ नये. कळले की माणसाची चाल कृत्रिम होते.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाला पात्रात आपल्यामागे पावले वाजताना ऐकू आली. वळून पाहते तो एक कोटवाला वही घेऊन येतोय आणि त्याच्यामागे एक शिपाई बादली घेऊन. ज्याचे एकच जनावर, त्याचे छावणीतून काढणार, अशी आवई आठवडाभर वस्तीत फिरत होती. हे रतनीला हुडकायलाच आलेत, यात तिला शंका राहिली नाही.

मग तिने त्यांना चुकवायला सुरुवात केली. बागेतल्या मोठ्या चिंचेभोवती ती तीन वेळा फिरली. आसाराम तीन वेळा फिरले. ती कोरड्या बारवेत उतरून सातव्या पायरीवर दबून बसली. आसाराम आठव्या पायरीवर बसले आणि त्यांनी वेळ टिपून घेतली. ती काटवनात शिरली, आसारामांचा कोट फाटला. शेवटी, उमटलेली पावले बघून यांची दिशाभूल व्हावी म्हणून महालासमोर ती वीस पावले उलटी चालली. आसाराम उलटे चालले, शिपाई उलटा चालला, बादली सांडली. धारेची वेळ टळली तेव्हा मनकर्णा हताश झाली आणि देवाचे नाव घेऊन छावणीत शिरली. आसारामांनी म्हशीकडे बघितलेसुद्धा नाही. त्यांनी वही मिटली, बाईला नमस्कार केला आणि एका कागदावर तिचा अंगठा घेतला. त्या दिवशीची धार गेली, पण म्हैस वाचली या आनंदात तिने दोन्ही हातांचे अंगठे द्यायची तयारी दाखवली.

नकाशा पाहून साहेब गहिवरले. पंधरा मिनिटांची वाट पावणेदोन तासांची झाली होती. मग जाणकारांची समिती बसली आणि तिने प्रत्येक वळणाचा उलगडा केला. चिंचेच्या तीन फेऱ्या हा राजघराण्यातील स्त्रियांचा प्रातःकालीन व्यायाम होता. बारवेतली पायरी हे चिंतनस्थळ होते. आणि महालासमोर उलटे चालणे हा तर उघड उघड दरबारी शिष्टाचार; सुलतानाला पाठ कोण दाखवणार? चारशे वर्षांपूर्वीची ही रीत एका अडाणी बाईच्या पायांत आपोआप टिकून राहिली, याबद्दल समितीने समाधान व्यक्त केले. जागोजाग पाट्या लागल्या. मार्गाचे पावित्र्य राहावे म्हणून बाकी बागेला काटेरी तार ठोकली आणि मार्ग सोडून चालण्यास मनाई झाली.

तार ठोकून झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी तिच्यापाशी कानिफनाथ नावाचा नवा पहारेकरी उभा होता.

"मावशे, सरळ न्हाई जायचं. आदी चिंचंला तीन फेऱ्या."

"कोनाचा नवस हाय?"

"सरकारचा."

मनकर्णाने तीन फेऱ्या घातल्या, पायरीवर बसली, काटवनातून रांगली, उलटी चालली आणि ऊन चढल्यावर म्हशीपाशी पोचली. रतनीने तोंड फिरवले. चरवी कोरडी राहिली. घरी पोर दिवसभर रडले आणि संध्याकाळी रडायचेही थांबले. दुसऱ्या दिवशी ती थेट कचेरीत गेली.

"भाऊसाहेब, ती माझी वाट न्हाई. मी तवा तुमाला चुकवत हुते."

आसाराम भला माणूस होता. त्यांनी तिला बसायला स्टूल दिले. "मावशी, चुकवणे असा रकाना आपल्याकडे नाही. मार्ग मंजूर झाला."

"मग माझी रोजची वाट मंजूर करा की. येकच धार हाय घरात."

"करू. पण तिची वहिवाट कोणी पाहिली?"

"मी रोज चालते ना."

"तुम्ही वळणाच्या मार्गाच्या साक्षीदार. हा पाहा अंगठा. आता सरळ वाटेची साक्ष दिलीत तर पहिली खोटी ठरेल, आणि सरकारला फसवल्याबद्दल तुम्हाला आत जावे लागेल. त्यापेक्षा उद्या उद्घाटन आहे, तुम्ही पुढे चाला. मुंबईचे पाहुणे येतायत. साहेबांनी तुम्हाला 'पारंपरिक पादचारी' हा मान दिलाय."

"आन् पोराला काय पाजू?"

आसारामांनी वही चाळली. त्याबद्दल परिपत्रकात काही नव्हते.

उद्घाटनाच्या दिवशी मनकर्णा हार घालून पुढे चालली. तिसरा दिवस होता. रतनीने दोन दिवसांत वाटीभर दूध दिले होते, तेही रागाने. मागे मुख्य पाहुणे, त्यांच्या मागे साहेब, त्यांच्या मागे साठ प्रतिष्ठित नागरिक. सगळ्यांनी चिंचेला तीन फेऱ्या घातल्या. सगळे पाळीपाळीने सातव्या पायरीवर बसले आणि चिंतन करून उठले. काटवनात धोतरे फाटली, पण कोणी तक्रार केली नाही, कारण पुढचा करत नव्हता. मग महालासमोर त्रेसष्ट माणसे गंभीर चेहऱ्याने उलटी चालू लागली.

तेवढ्यात छावणीच्या बाजूने धुरळा उठला. कास तटतटून फुगलेली रतनी दावे तोडून निघाली होती. तिने तार उडवली, दरबारी शिष्टाचाराची पाटी आडवी केली आणि नाकासमोर सरळ येऊन मनकर्णापाशी उभी राहिली. मनकर्णा हारासकट खाली बसली. एका नागरिकाच्या हातातला स्वागताचा तांब्या तिने ओढून घेतला आणि धार काढू लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

"ही म्हैस कुठून आली?" मुख्य पाहुण्यांनी विचारले.

"सरळ वाटेनं, साहेब," मनकर्णा म्हणाली. "जनावर हाय. त्याला फेऱ्या ठावं न्हाईत."

पाहुणे विचारात पडले. माणसाची वहिवाट ठरली होती, ती हलवता येत नव्हती. पण गुरांची वहिवाट अडवणे दुष्काळात बरे दिसले नसते. तिथल्या तिथे निर्णय झाला, की सरळ वाट गुरांसाठी खुली करावी, आणि गुराबरोबरचे माणूस गुरातच धरावे.

आसारामांनी संकोचून नवा कागद पुढे केला. "मावशी, इथे तुम्हाला... म्हणजे वाटेपुरतेच..."

"लिवा की भाऊसाहेब," मनकर्णा म्हणाली, "जनावर म्हून लिवा. पोर जगू द्या." आणि तिने अंगठा दिला.

दुसऱ्या दिवसापासून तिने उसनवारीने मिळवलेली, गळ्यात दावे टाकलेली एक शेळी बरोबर घेतली आणि पंधरा मिनिटांत पोचू लागली. वाट आता सरकारी झाली म्हणून, आजवर लांबून जाणाऱ्या वस्तीतल्या बाकीच्यांनीही तेच केले. ज्याच्याकडे शेळी नव्हती तो मनकर्णाची मागून नेई. ती शेळी दिवसातून सात वेळा बाग ओलांडू लागली आणि खंगली. पोर मात्र बाळसे धरू लागले.

पुढे पाऊस पडला, छावणी उठली, साहेबांची बदली झाली. तार आणि पाट्या राहिल्या. आता चांगल्या घरची शिकलेली माणसे रविवारी सकाळी बूट घालून तिथे फिरायला येतात. चिंचेला तीन फेऱ्या घालतात, पायरीवर डोळे मिटून बसतात, महालासमोर उलटी चालतात, आणि मुलाबाळांनाही तसेच चालायला शिकवतात. तुम्हीही गेला असालच; नसलात तर जाल. त्या वेळी तारेपलीकडून शेळी घेऊन सरळ चाललेली एक म्हातारी क्षणभर थांबून तुमच्याकडे बघेल. हसणार नाही. फार वर्षांपूर्वी तीही अशीच फिरली होती, म्हणून काळजीने एवढेच विचारेल, "का रं बाबा, तुमच्या मागं कोन लागलंय?"