सीतारामचा बिबट्या

मला फसवू शकेल असं यंत्र अजून जन्माला यायचंय! हे वाक्य मी आमच्या पारिजात सोसायटीच्या कमिटीपुढे उभं राहून, छाती पुढे काढून उच्चारलं होतं. आणि का नाही उच्चारणार? अडतीस वर्षं मी पोरांच्या वह्या तपासल्या. गृहपाठ पोराने केलाय, ताईने केलाय की बापाने ऑफिसात बसून केलाय, हे मी वही न उघडता सांगायचो. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. रोज संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात बिल्डिंगमधली दहा-बारा पोरं जमवतो आणि शिकवतो. माझ्या वर्गाचा एकच नियम. उत्तर बरोबर आलं तर एक मार्क, चुकलं तर शून्य. पण येत नसेल आणि "माहीत नाही" असं सरळ सांगितलं, तर अर्धा मार्क!

"सर, मग मी सगळ्याच प्रश्नांना माहीत नाही म्हटलं तर पन्नास टक्के?" चौथ्या मजल्यावरच्या रुचिराने पहिल्याच दिवशी विचारलं. वय वर्षं दहा. ही मुलगी पुढे वकील होणार, लिहून ठेवा.

आता यंत्राचं. आमचा सेक्रेटरी केयूर हा तसा लाख माणूस. अंधेरीला कुठल्याशा कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. सोसायटीचं काम पदरचा वेळ घालून करतो, लिफ्ट बंद पडली की सातव्या मजल्यावरच्या आजींची भाजी स्वतः वर नेऊन देतो. पण गेल्या वर्षापासून त्याला एआयने झपाटलंय. पूर्वी सोसायटीच्या फळ्यावर "उद्या टाकी धुणार, पाणी भरून ठेवा" एवढंच असायचं. केयूरने फोनला सांगून नोटीस लिहून घेतली, ती अशी: "प्रिय रहिवासीहो, टाकी ही केवळ टाकी नसते, तो विश्वासाचा एक प्रवास असतो..." असं पाऊण पान! पाणी कधी जाणार ते शेवटून दुसऱ्या ओळीत. तिथवर कोणी पोचलंच नाही. दुसऱ्या दिवशी निम्मी बिल्डिंग साबण लावलेल्या अंगाने नळाकडे बघत उभी!

"केयूर, तुझा हा पोपट बोलतो छान," मी म्हटलं, "पण त्याला काही कळत नाही रे."

"सर, तुम्ही एकदा वापरून तर बघा! झकास आहे. आता लिहायचं नसतं, नुसतं सांगायचं असतं!"

तर अशात आमचा वॉचमन सीताराम निवृत्त व्हायला निघाला. सव्वीस वर्षं तो आमच्या गेटवर बसला. उजव्या पायाने जरा लंगडतो, बोलतो कमी. सगळे मला 'सर' म्हणतात, तो एकटा 'गुरुजी' म्हणतो. एका सकाळी माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"गुरुजी, माका दोन वळी लिवन देतलात?"

"कसल्या रे?"

"गावाक देवळाच्या दारार बसूचा काम गावतला. पण ट्रस्टी म्हणतत, मुंबयत काय करी होतस, ता कागदार आण."

"दोन ओळी?" मी उसळलोच. "अरे सीताराम, तुझं मानपत्र करू! फ्रेम करून! स्टेजवर देऊ!"

तो म्हणाला, "दोन वळी पुरे होत्यो." पण मी ऐकायला थांबलो नाही. तडक कमिटीत गेलो.

कमिटीला कल्पना एकदम पसंत पडली. केयूरने लगेच फोन काढला.

"एक मिनिट! बोरीवलीतला वॉचमन, नाव सीताराम, कोकणातला, सव्वीस वर्षं सेवा, मानपत्र लिही. झालं!"

"अरे, त्या यंत्राला सीताराम माहीत आहे का?" मी गरजलो. छाती पुढे काढून बोललेलं ते वाक्य याच वेळचं.

"म्हणूनच सर, तपासायचं तुम्ही!" केयूर हसून म्हणाला आणि त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सीताराम सावंत, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात. तरुणपणी राज्य पातळीवरचे कबड्डीपटू. आणि एका पहाटे नॅशनल पार्कातून सोसायटीत शिरलेल्या बिबट्याशी नुसत्या काठीनिशी झुंज देऊन त्यांनी दोन बालकांचे प्राण वाचवले!

कमिटी अवाक झाली. केयूरही अवाक झाला. मग सगळे माझ्याकडे वळले.

"सर, तुमची तर रोजची उठबस. बरोबर आहे ना हे?"

मी तोंड उघडलं. यंत्राला झोडपायची याहून चांगली संधी नव्हती. पण चूक आहे म्हणायचं, तर बरोबर काय ते ठाऊक असायला हवं ना! सीतारामचं आडनाव काय? गाव कुठलं? सव्वीस वर्षं मी त्याला रोज "काय सीताराम, बरंय ना?" विचारत होतो आणि तो "बरा आसा" म्हणत होता. आमची मैत्री एवढ्यावर गाढ झाली होती! अकरा जण माझ्या तोंडाकडे बघत होते. दोनच शब्द म्हणायचे होते, जे मी रोज पोरांकडून म्हणून घेतो.

"हो, हो," मी म्हणालो. "कबड्डीचं तर मला ठाऊकच आहे. त्यातच तर त्याचा पाय गेला!"

हे मी कुठून काढलं, देव जाणे. पण सगळ्यांनी "आई गं!" केलं, तेव्हा मला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं. मग मी लाल पेन काढून तीन स्वल्पविराम दुरुस्त केले आणि खाली झोकात सही ठोकली. 'तपासले.'

"एकदा सीतारामलाच विचारून घ्या की," घरी शुभा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणाल्या.

"सरप्राइझ आहे गं! विचारलं तर सरप्राइझ कसं राहील?" मी कमिटीत केयूरने म्हटलेलं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. बघा, नक्कल करायला यंत्रच लागतं असं नाही.

केयूरने मानपत्र सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. सीतारामचा फोन साधा, बटणांचा, त्यामुळे गुपित सुरक्षित होतं. आणि मग एकेकाला आठवायला लागलं! पहिल्या मजल्यावरच्या कुंदाताईंनी मला जिन्यातच गाठलं.

"अहो सर, मी बाल्कनीतून बघितलाय ना तो बिबट्या! अंगावर हे एवढाले पट्टे!"

"कुंदाताई, पट्टे वाघाला असतात. बिबट्याला ठिपके."

"पहाटेची वेळ हो! ठिपके पळताना पट्ट्यांसारखे दिसतात."

दुसऱ्या मजल्यावरच्यांना डरकाळी आठवली. गुरुवारपर्यंत प्राण वाचलेल्या बालकांची संख्या दोनावरून पाचावर गेली आणि त्यातली दोन बालकं, आता बँकेत नोकरीला असलेली, "अंधुक आठवतंय" म्हणायला लागली. मेसेज शेजारच्या सोसायटीत पोचला. तिथून पुढे जाताना त्यातला सीताराम गळला, सव्वीस वर्षं गळली, आणि शिल्लक राहिलं एवढंच: पारिजातमध्ये बिबट्या शिरला!

ही बातमी फिरून शेवटी कोणाकडे यावी? सीतारामकडे! दूधवाल्याने त्याला सांगितलं. शुक्रवारी मी खाली उतरलो तर सीताराम खुर्ची सोडून गेटच्या आत, कुलूप लावून, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात वाजवायला स्टीलचं ताट घेऊन उभा. दूधवाला बाहेर!

"काय झालं रे?"

"गुरुजी, आत जावा! बिबट्या फिरता म्हणतत!"

ज्याने बिबट्याला काठीने लोळवलं, तो बिबट्याच्या भीतीने थरथर कापत होता. मी काय म्हणालो असेन? मी शाळेला निघालेल्या पोरांना म्हणालो, "बघा, खऱ्या शूराला धोका आधी कळतो!" नाही, तुम्ही हसू नका. मानपत्रावर सही केल्यावर माणसाला ते निभवावं लागतं.

पोरांनी तर नाटकच बसवायला घेतलं. 'सीतारामकाकांचा पराक्रम', दिग्दर्शक मी. रुचिरा बिबट्या झाली. आईच्या पिवळ्या ओढणीला तिने दोनशे टिकल्या चिकटवल्या.

रविवारी सकाळी अकराला कार्यक्रम. चारची गाडी पकडून सीताराम कायमचा गावाला जाणार होता. गेटवर फ्लेक्स, गच्चीत खुर्च्या, पुढे इस्त्रीचा शर्ट घालून सीताराम. नाटक सुरू झालं. छोट्या सीतारामने कबड्डीत सात गडी बाद केले. मग बिबट्या आला, गुरगुरला, काठी खाऊन आडवा झाला. टाळ्यांचा कडकडाट! सीतारामनेही टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडे वाकून कुजबुजला,

"गुरुजी, ह्यो सीताराम खंयचो?"

मी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

केयूरने मानपत्र भरल्या गळ्याने वाचलं. अगदी खऱ्या भरल्या गळ्याने! त्याने सीतारामला वाकून नमस्कार केला, फ्रेम हातात दिली आणि माइक पुढे धरला. "काका, किती सामने जिंकलात? सांगा ना!"

सीतारामने फ्रेम बघितली, माइक बघितला, केयूरकडे बघितलं. त्या पोराचं मन त्याला मोडवेना. शेवटी म्हणाला,

"माका म्हायत नाय."

"अर्धा मार्क!" आडवा पडलेला बिबट्या ओरडला.

गच्ची हसली. सीताराम हसला नाही. हळूच म्हणाला, "बरा लिवलास, केयूरशेट. पण माका ह्या देवळात दाखवूक जमाचा नाय. माझो पाय लहानपणी आंब्यावरसून पडलंय तेव्हा मोडलो, अख्ख्या गावाक ठाऊक आसा. ट्रस्टी हसतले. म्हणतले, सीताराम मुंबयत जावन थापा मारूक शिकलो. माका दोन वळी होयो होत्यो."

 बारा वाजले होते. गाडी चारची, आणि म्हाताऱ्याच्या हातात एक सोनेरी फ्रेम आणि कामाचा कागद नाही.

केयूर पांढरा पडला. "एक मिनिट काका, आत्ता दुरुस्त करतो," म्हणत त्याने फोनला सांगितलं, 'ते कबड्डीपटू नव्हते.' फोनने लगेच उत्तर दिलं. केयूरने घाईघाईत ते माइकवरच वाचलं: "क्षमस्व! आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे. श्री. सीताराम हे कबड्डीपटू नसून मल्लखांबपटू होते."

"केयूर," मी म्हटलं, "बंद कर तो."

"पण सर," तो रडवेला होऊन म्हणाला, "तुम्ही तपासलं होतंत ना?"

सगळी गच्ची माझ्याकडे वळली. ओढणी सावरत बिबट्या पुढे आला.

"सर, तुम्हाला माहीत नव्हतं?"

अडतीस वर्षं नोकरी. त्याआधी सतरा वर्षं शिक्षण. एवढ्या आयुष्यात इतका अवघड पेपर मला कधी आला नव्हता.

"नव्हतं गं," मी म्हणालो.

"मग सांगायचं ना! अर्धा मार्क मिळाला असता!"

मी मान खाली घालून खिशातला लाल पेन तिच्या हातात दिला. "आता तू लिही. मी फक्त विचारतो. सीताराम, तुझं आडनाव काय?"

"मेस्त्री."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, आणि एका सेकंदात उत्तर मिळालं. यंत्रापेक्षा लवकर! मग पोरंच त्याच्याभोवती कोंडाळं करून बसली आणि माझी गरज उरली नाही.

"गाव?" "कुडाळच्या पलीकडे."

"सकाळी किती वाजता उठायचात?" "साडेचाराक. पाच वाजता पंप लावूक होयो."

"सगळ्यात अवघड काम कुठलं?" "चाव्यो." बेचाळीस घरांच्या जादा चाव्या त्याच्याकडे खिळ्यांवर असत. एकावरही नंबर नव्हता. सव्वीस वर्षांत एकदाही चुकीची चावी दिली नाही. माझी शुभा मागून म्हणाली, "खरंय, आमची तर महिन्यातून चारदा." चारही वेळा चावी विसरून दाराबाहेर अडकलेला मीच असायचो, हे तिने सांगायची गरज नव्हती.

"आणि घाबरता कशाला?" रुचिराने विचारलं.

सीताराम लाजला. "लिफ्टीक."

हा लंगडा माणूस सव्वीस वर्षं सात मजले जिन्याने चढत होता, आणि कोणी विचारलं नव्हतं की लिफ्ट असताना का!

पाऊण तासात कागद झाला. वहीचं फाडलेलं पान, दहा वर्षांच्या मुलीचं गोल अक्षर, लाल शाई. अकरा ओळी, आणि त्यात एकही विशेषण नाही. केयूरने खाली सोसायटीचा शिक्का मारला, स्वतः सही केली आणि फ्रेममधला जुना कागद काढून हा आत बसवला. मग गच्चीवरच्या खोलीतून सीतारामची ट्रंक डोक्यावर घेऊन तो जिन्याने खाली उतरला. हो, जिन्याने.

"पण बिबट्या मी बघितला होता हं," पहिल्या मजल्यावर कुंदाताई म्हणाल्या. त्यांना कोणी काही म्हणालं नाही.

गेटवर रिक्षा उभी होती.  म्हटलं, जाता जाता निदान एक काम नीट करू. मी चष्मा पुसला आणि हात पुढे केला.

"सीताराम, आण तो कागद. एकदा तपासून देतो."

सीतारामने फ्रेम पटकन छातीशी धरली. माझ्याकडे बघितलं, फार मायेने बघितलं, आणि मग ती केयूरच्या हातात दिली.

"केयूरशेट, ह्या जरा तुमच्या मशिनाक दाखवा," तो म्हणाला. "मागचा गुरुजींनी तपासल्यानी होता."