हसनचाचा पोचवायला येतात

दोह्याहून गावाला निघालेल्या प्रत्येक कोकणी माणसाला आमचे हसनचाचा आदल्या शुक्रवारी बसमध्ये घालून ओसाड माळावर नेतात आणि दिवसभर चालवतात. बोटीचा धक्का खोलीपासून हाकेच्या अंतरावर. पण चाचांचं म्हणणं, "सडा ओलांडून पोचवल्याशिवाय माणूस गेला असं होतच नाही."

रत्नागिरीकडे आमच्या गावांच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं पठार, पसरलेला असतो. दूरदेशी निघालेल्याला घरची माणसं त्याच्या टोकापर्यंत पोचवतात. जाणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही. पोचवणाऱ्यानं तो उतारावर दिसेनासा होईपर्यंत हलायचं नाही. कतारात सडा कुठला! चाचांनी दुखान गावाच्या रस्त्यालगतचा माळच सडा म्हणून मुक्रर केला.

चाचा बंदरावर सुतार. मी हमालीतून वर येऊन कापडाचं दुकान काढलेला माणूस. घासाघीस केल्याशिवाय माझा दिवस जात नाही, आणि चाचांवर माझा राग आहे. एकदा चाचांना घेऊन बाजारात गालिच्याचा भाव पाडत होतो. ठरलेल्या डावाप्रमाणे चिडून दुकानाबाहेर पडलो. आता दुकानदार हाक मारणार, तेवढ्यात चाचाच बाहेर आले. खांद्यावर तोच गालिचा, दुकानदाराच्याच भावात घेतलेला!

"तुम्ही तडकलात इब्राहिमभाई, बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं."

माझ्या तोंडाकडे कोण बघतो?

पुढं माझी गावाला जायची वेळ आली. "मला पोचवायचं नाही," असं मी बजावलं. तरी शुक्रवारी सकाळी बसच्या लाकडी बाकावर चाचांशेजारी मीच होतो.

थंडीचे दिवस. दगड, खुरटी झुडपं, वारा. दुपारी चाचांनी भाकरी आणि भाजलेला सुका बांगडा काढला. पुन्हा चाललो. उन्हं कलल्यावर ते थांबले.

"यल्ला, आता एकटे जा. मागं बघू नका."

मी निघालो. पण माळ ताटासारखा सपाट. माणूस दिसेनासा व्हावा कुठून? बराच चाललो आणि न वळता ओरडलो, "गेलो का?"

"टोपी दिसतेय! चाला!"

माझं डोकं फिरलं. त्यात बस एकच, तीही चाचांच्या मागच्या रस्त्यावर. म्हणजे जितका गेलो तितका परत. तणतणत आलो. चाचा उभेच होते, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून.

"तुम्हाला कोणी असं चालवलं होतं का?" मी खेकसलो.

"नाही हो," ते हसले. "आई आधीच गेली होती. ट्रंक डोक्यावर घेऊन एकटाच सडा ओलांडला. मागं बघू नको म्हणायलाही कोणी नव्हतं. म्हणून सारखा वळून बघत होतो."

"आणि परत कधी जाणार?"

"कोणाकडे?"

 मग मला जे येतं तेच केलं.

"हे बघा चाचा, एकतर्फी सौदा मला चालत नाही. तुम्ही मला पोचवलंत, आता मी तुम्हाला. व्हा पुढं."

"अहो, बस येईल—"

"येऊ दे. आणि खबरदार, मागं बघितलंत तर!"

चाचांनी टोपी नीट केली, सदरा झटकला आणि नवऱ्यामुलासारखे ताठ चालू लागले. रस्त्यावर बस येऊन भोंगा वाजवायला लागली. ड्रायव्हर अरबीत काय काय बोलत होता. मी हात वर करून त्याला थांबवलं. चाचा अजून स्पष्ट दिसत होते.