विमानाला मंडप

आमच्या शेजारचे सिद्रामअण्णा सकाळी आंघोळ उरकली की देशातल्या कुठल्या ना कुठल्या विमानतळावर फोन लावतात. अण्णा विमानात कधी बसलेले नाहीत. त्यांचा धंदा लग्नाकार्याला मंडप, खुर्च्या आणि कूलर भाड्याने देण्याचा. पण दुकानाच्या पाटीवर वरती ‘सिद्राम विमानसेवा’ असं मोठ्या अक्षरात आहे आणि खुर्च्या-कूलर खाली बारीक अक्षरात, जागा उरली तिथे.

फोन स्पीकरवर असतो, आवाज पूर्ण सोडलेला. मधली भिंत पातळ, त्यामुळे माझा चहा आणि देशाची हवाई वाहतूक एकदमच सुरू होते.

“हल्लो, विमानवाले बोलते क्या? नक्को, कुच नक्को. फोन उठाते क्या नै, इत्ताच देखना था.”

समोरचा माणूस गोंधळतो. तो गोंधळला याचं मला वाईट वाटत नाही, मी शेजारी राहायला आले त्या दिवसापासून गोंधळलेलीच आहे.

प्रकरण असं आहे. स्वतःचं छोटं विमान उडवणाऱ्यांसाठी इंटरनेटवर एक यादी असते. कुठल्या विमानतळावर तेल कोण देतं, विमान कुठे ठेवता येईल, मुक्कामाची सोय काय, सगळे पत्ते नि फोन त्यात. या यादीत सोलापूरच्या पानावर अण्णांचं नाव आहे, आणि ते तिथून हलू नये म्हणून ते जीव टाकतात.

एकदा पुढच्या वाटेवर हवा खराब म्हणून असलंच एक छोटं विमान इथे उतरलं. उडवणारी एक तरुण पोरगी. तिने यादीतले सोलापूरचे नंबर फिरवले. एक बंद, एक पिठाच्या गिरणीत लागला, एक तिसऱ्याच गावात. अण्णा कुंभारीला खुर्च्या पोचवून येत होते. विमानतळाच्या फाटकाबाहेर उन्हात बसलेली ती पोरगी बघून त्यांनी तिला टेम्पोत घातलं आणि घरी आणलं. गौरव्वाकाकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, तिला भाकरी-शेंगाचटणी वाढली. पोरगी जेवली, ताणून झोपली, हवा निवळल्यावर उडून गेली. दुसऱ्याच दिवशी अण्णा माझ्याकडे हजर. मी शाळेत इंग्रजी शिकवते हा माझा दोष.

“बाई, त्या यादीत आपलं नाव घाला.”

मी प्रश्न वाचत गेले, अण्णा उत्तरं देत गेले. जेवण? “भाकरी हाय. आदल्या दिशी सांगितलं तर धपाटे.” गाडी? “टेम्पो हाय की.” विमान उभं करायला शेड?

अण्णांनी जरा विचार केला. “मंडप घालू. पंखं किती फुटाचं असतंय?”

“अण्णा, विमानाला मंडप नसतो.”

“लग्नाला घालतो, दहाव्याला घालतो. विमानाचं काय घोडं मारलंय? फकस्त झालरीचा पायजे का बिनझालरीचा, येवढं इचारून घ्या.”

हे मी इंग्रजीत कसं लिहिलं ते माझं मला ठाऊक. त्यांनी नाव छापलं खरं.

मग बाकीच्या यादीची खातरजमाही अण्णांनी आपण होऊन अंगावर घेतली. “फोन उचलला म्हंजे दुकान हाय,” हा त्यांचा कायदा. खाली दक्षिणेकडे विमानाचं तेल देणाऱ्याचा म्हणून दिलेला नंबर एका दाताच्या डॉक्टरांकडे लागला. अण्णांनी त्यांना कानडीत विचारलं, विमान आलं तर तुम्ही काय करता? आता ते डॉक्टर दिवाळीला फोन करतात. ही चूक आम्ही यादीवाल्यांना कळवली, तर आभाराचं उत्तर ‘कॅप्टन सिद्राम’ या नावाने आलं. तेव्हापासून गल्ली त्यांना कॅप्टन म्हणते आणि ते मान हलवतात.

गेल्या आठवड्यात मात्र अण्णा हातात मोबाइल धरून आले, चेहरा उतरलेला. यादीवाल्यांचा निरोप होता. तुमच्याकडे बरेच दिवस कोणी उतरल्याची नोंद नाही, आज दुपारी खात्रीसाठी फोन येईल, सेवा चालू असेल तर एकचं बटण दाबा, नाही तर नाव काढू. फोन इंग्रजीत येणार, म्हणून मला अण्णांच्या ओसरीवर बसवलं गेलं.

“अण्णा,” मी म्हटलं, “नाव छापल्यापासून एक विमान आलं नाही. गेलं नाव तर जाऊ दे की.”

अण्णांनी आत बघितलं. काकूंना हल्ली फार काही आठवत नाही. मला कधी बाई म्हणतात, कधी धाकटी जाऊ समजतात.

“आमाला मूलबाळ न्हाय, तुमाला म्हाईत हाय,” अण्णा हळू आवाजात म्हणाले. “त्या पोरीनं हिला अम्मा म्हटलं. पोचल्यावर फोन करते म्हणली. गडबडीत नंबर द्याचा राहिला वो. समदं इसरली ही, तेवढं न्हाय इसरली. रोज सकाळी इचारती, पोरीचा फोन का येईना, आपला फोन बिघडलाय काय. मग मी कुटं तरी लावून दाखवतो, बघ, चालू हाय म्हणून. आन् पोरगी आपल्याला शोधंल तर कुटं शोधंल? त्या यादीतच की.”

तेवढ्यात फोन वाजला.

अण्णांनी सवयीने स्पीकर लावला. यंत्रातला आवाज, एका तरुण मुलीचा, गोड इंग्रजी. मी खूण केली, दाबा एक. अण्णांचं बोट पुढे झालं, तोच काकू लगबगीने बाहेर आल्या आणि त्यांनी फोन हातातून घेतला.

“कोन, पोरगी? पोचलीस का गं? ऊट आतेनु? जेवलीस का?”

मुलगी म्हणाली, एक दाबा.

“व्हय, व्हय. हितं समदं बरं हाय. हे लई काळजी करत हुते बघ तुजी.”

मुलीने पुन्हा सांगितलं, एक दाबा. मी फोन घ्यायला उठले. अण्णांनी माझ्यापुढे हात आडवा धरला आणि मान हलवली. काकू बोलत राहिल्या, मैंदर्गीच्या माहेरच्या कानडीत, मधूनच हसत. आवाज आणखी एकदा तेच बोलला आणि फोन बंद झाला.

“घाईत हुती,” काकू म्हणाल्या आणि फोन अण्णांच्या हातात देऊन आत गेल्या. इतकं मोकळं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

“अण्णा, नाव जाईल आता,” मी म्हटलं. “मी लिहिते त्यांना, पुन्हा फोन करा म्हणून.”

अण्णांनी उपरण्याने डोळे पुसले.

“आता कशाला, बाई? पोचली की ती.”